खाऱ्या गावाचं गोड पाणी

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागून ठसका लागला तर मी जबाबदार नाही! कारण आता जी फजिती सांगणार आहे, ती मी बायकोलासुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितली, आणि तिने ती दुसऱ्याच दिवशी माहेरी कळवली.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी भित्रा माणूस. लहानपणी बैलाला भ्यायचो, शाळेत मास्तरांना, नोकरीत साहेबाला. आणि विहिरीला? विहिरीला तर असा भ्यायचो, की आईने पोहरा हातात दिला की मला ताप यायचा. खरा ताप! कपाळाला हात लावून बघावं असा.

आता अशा माणसाला सरकारने कुठे नेमावं?

महाराष्ट्र नुकताच झाला होता. जिल्हा परिषद नवी, पंचायत समिती नवी, खुर्च्यांना अजून रंगाचा वास येत होता. मी मेहकरकडचा, हिवरा आश्रमाच्या बाजूचा, म्हणजे घाटावरचा. आमच्याकडे पाणी थोडं, पण जे आहे ते गोड. मला ग्रामसेवक म्हणून धाडलं घाटाखाली, नांदुऱ्यापासून चार कोसांवर, पूर्णेच्या काठच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला लग्नाकार्याला बोलावतात, उगाच कशाला!

तो सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस नंबर एक. पण विहिरीचं पाणी असं, की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि घाटावरच्या माणसाने तांब्याभर प्यायलं तर त्याने चप्पल पायातून काढू नये. केव्हा पळावं लागेल नेम नाही.

पण पहिल्या दिवशी मला यातलं काही कळलंच नाही. सरपंच किसनरावांनी मला ओसरीवर बसवलं, तांब्या दिला, पाणी थंडगार आणि अमृतासारखं. मी मनात म्हटलं, लोक उगाच बदनाम करतात या भागाला. दुसऱ्या दिवशी गावच्या कोतवालाने, सुखदेवने, माझ्या खोलीवर घागर भरून ठेवली. आणि तिसऱ्या दिवसापर्यंत मी गावची सगळी शेतं पाहून आलो. पिकं बघायला गेलो नव्हतो, हे तुम्हाला कळलंच.

"सुखदेव," मी भिंतीला धरून विचारलं, "परवा सरपंचांकडे पाणी गोड कसं होतं रे?"

"ते पाव्हन्याचं पानी होतं, शेकेटरी साहेब."

"आणि हे?"

"हे गावातल्या मान्साचं. आता तुमी गावातले झाले ना!"

तर तशी रीतच होती तिथे. प्रत्येक घरात एक माठ वेगळा. दीड कोसावर एका मळ्यात एकच गोडी विहीर, तिथून बायका डोक्यावरून पाणी आणणार, त्या माठात भरणार, आणि घरातल्या कुणी, तान्ह्या पोराच्या आईनेसुद्धा, त्यात हात घालायचा नाही. ते फक्त पाहुण्यासाठी. पाहुण्यासमोर खारं पाणी ठेवणं म्हणजे नाक कापून घेणं.

अशात ती योजना आली. पूर्णेच्या पट्ट्यातलं खारेपण आटोक्यात आणायची मोठी योजना. वरच्या अंगाला पाणी अडवायचं, गोडं पाणी खालच्या गावांना द्यायचं, शेतातला खार बाहेर काढायला चर खणायचे. पाटबंधारे, शेतकी आणि आरोग्य अशी तिन्ही खाती मिळून. आणि सगळ्यात नवी तऱ्हा म्हणजे लोकांना विचारून! आधी गावोगावच्या विहिरींचे नमुने तपासायचे, मग गावात येऊन जाहीर सभा घ्यायची, हरकती ऐकायच्या, आणि जिथलं पाणी जास्त खारं, ते गाव पहिल्या टप्प्यात. बाकीच्यांनी वाट बघायची. किती वर्षं, ते कोणी सांगत नव्हतं.

माझ्याकडे लाकडी पेटी आली. भुशात बसवलेल्या बारा बाटल्या, बुचं, 'विहिरीचे पाणी' छापलेल्या चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि एक छापील सूचना: ग्रामसेवकाने स्वतः विहिरीवर जावे, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, भरावी, बूच लावावे, आणि 'माझ्यासमोर भरली' असे लिहून सही करावी.

बारा विहिरी! काळ्या मातीतल्या. कठडा नाही. काठ दरवर्षी हातभर आत ढासळतो. मी पहिल्या विहिरीपासून दहा हातांवर उभा राहिलो. वैशाखाच्या उन्हात मला थंडी वाजली. म्हटलं, भल्या माणसा, नोकरी कायम व्हायला चार महिने राहिले, आत पडलास तर कायमचाच होशील.

मग काय केलं? जे भित्रा माणूस करतो तेच. मी अक्कल चालवली.

"सुखदेव, ज्याची विहीर त्याच्या घरी चिठ्ठी चिकटवून एकेक बाटली दे. तपासायला जायची आहे म्हणून सांग. संध्याकाळपर्यंत भरून आण."

संध्याकाळी बाटल्या आल्या. अहाहा! घासून पुसून लखलखीत. एकीला हळदकुंकवाचं बोट लावलेलं, एकीत तुळशीचं पान. ते मी काडीने बाहेर काढलं. पाणी कसं, काचेसारखं. मला वाटलं, लोकांना योजनेचं महत्त्व पटलं बरं का! बारा चिठ्ठ्यांवर झोकात सह्या ठोकल्या. माझ्यासमोर भरली. माझ्यासमोर भरली. बारा वेळा. पेटी बैलगाडीने नांदुऱ्याला आणि तिथून रेल्वेने पुढे.

महिन्याभराने लखोटा आला.

'सदर गावाचे पाणी आसपासच्या सर्व गावांच्या तुलनेत उत्कृष्ट व गोड असल्याचे आढळून आल्याने गाव योजनेतून वगळण्याचे प्रस्तावित आहे. बाटली क्रमांक सात मात्र अत्यंत खारट निघाली. ग्रामसेवकाच्या हलगर्जीपणाने तीत मीठ पडले असावे. याबाबत ग्रामसेवकाने जाहीर सभेत, अधिकाऱ्यांसमक्ष खुलासा करावा.'

ते वाचून मी असा ओरडलो, की सुखदेव धावत आत आला.

"सुखदेव, बाटल्यांत पाणी कुठलं भरलं होतं?"

"मी काई भरलं नाई साहेब. मी वाटल्या न् गोळा केल्या. घरच्या बायायनं भरल्या."

"विहिरीचं पाणी?"

सुखदेव माझ्याकडे असा पाहत राहिला, की जणू मी त्याला विचारलं, बैल दूध देतो का.

"सरकारात जाची बाटली साहेब. तिच्यात खारं पानी कोन भरन?"

सरकारी कागदावर बारा खोट्या सह्या! खरं पाणी होतं ते बाटली क्रमांक सातमध्ये तेवढं. ती गेली होती बौद्धवाड्याच्या विहिरीवर, आणि ती भरली होती तिथल्या तायडे मास्तरांनी. मी धावत त्यांच्याकडे गेलो.

"चिठ्ठीवर लिहिलं होतं, विहिरीचं पाणी," मास्तर शांतपणे म्हणाले. "म्हणून विहिरीचं भरलं. तीनदा विसळून. तुम्ही नव्हता तिथे, म्हणून सहीचं काही करता आलं नाही."



तिथून गेलो गोदाबाईंकडे. गोदाबाई म्हणजे गावातली सगळ्यात थोरली बाई. तिने हूं म्हटल्याशिवाय गावात पापड वाळत नसत.

"गोदाबाई, अहो ते पाणी तपासायला न्यायचं होतं!"

"मंग? तपासाले न्याचं म्हनूनच तं चांगलं देल्लं! पोरगी दाखवाची असन तं मळक्या लुगड्यात दाखवते काय कोनी?"

"पण खारं निघालं असतं तर योजना मिळाली असती!"

"अन् खारं गाव म्हनून सरकारचा ठप्पा पडला असता ते? माह्या नातवाले तीन जागेहून नकार आला शेकेटरी साहेब. पोरीचे बाप येतात, ओसरीवर पानी पेतात, खूश होतात. मंग कोनीतरी भाड्या त्यायले रस्त्यात सांगते का, पोरगी देऊ नोका, जिनगानीभर दीड कोस हंडा वाहीन. आता हे सरकारच लिहून देईन काय?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला नोकरी जाण्यापेक्षाही मोठी भीती वाटली. या बायकांनी दीड कोस वाहून आणलेलं पाणी, पोटच्या पोरांना न देता जपलेलं पाणी, माझ्या बाटल्यांत भरलं होतं, आणि त्याच पाण्याने त्यांचं गाव योजनेतून वाहून चाललं होतं. कोणामुळे? विहिरीपासून दहा हात लांब उभ्या राहिलेल्या माझ्यामुळे.

सरपंचांच्या ओसरीवर बैठक झाली. किसनराव म्हणाले, "सोपं हाय. सभेत उभे राहा, चूक झाली म्हना."

"मी? माझ्या सह्या आहेत त्यावर! नोकरी जाईल, बेड्या पडतील!"

मग मीच तोड काढली. मी अक्कल चालवली की गावाने सावध व्हायला हवं होतं, पण त्यांना काय माहीत! मी म्हटलं, कोणी काही बोलायचं नाही. सभेच्या दिवशी साहेबांना मारुतीच्या देवळाजवळच्या खाऱ्या विहिरीचं पाणी प्यायला द्यायचं. एक घोट घेतला की साहेब स्वतःच म्हणतील, अरे, हे तर खारं! पुन्हा तपासा! माझ्या सहीचा विषयच निघणार नाही.

बायका नाही म्हणाल्या. पाहुण्याला खारं? शिव शिव! तासभर समजावल्यावर गोदाबाई म्हणाली, "हाव. गावासाठी एक दिस देऊ."

सभेपर्यंतचे आठ दिवस मी कसे काढले, विचारू नका. जेवण जाईना. जीपचा आवाज आला की मी कपाटामागे. एकदा तर ती जीप नव्हतीच, पिठाची गिरणी सुरू झाली होती.

सभेचा दिवस उजाडला. गोदाबाईच्या दारातल्या लिंबाखाली सतरंज्या, तीन खुर्च्या. तीन खात्यांचे तीन साहेब आले. मोठे साहेब पाटबंधाऱ्याचे, पुण्याकडचे, सोनेरी काड्यांचा चष्मा. शेतकीचे साहेब म्हणाले खार जमिनीत आहे, आरोग्याचे डॉक्टर म्हणाले पोटात आहे, मोठे साहेब म्हणाले आधी नकाशात कुठे आहे ते बघू. तेवढ्यात त्यांना तहान लागली.

गोदाबाई तांब्या घेऊन पुढे आली. मोठ्या साहेबांनी तांब्या तोंडाला लावला. एक घोट, दोन घोट, आणि सगळा तांब्या संपवला!

"वा! असं पाणी आमच्या पुण्यातही मिळत नाही!"

मी गोदाबाईकडे पाहिलं. तिने पदर ओढला आणि लिंबाच्या शेंड्याकडे बघायला लागली. मी तिच्याजवळ सरकून पुटपुटलो, "अहो, हे काय केलंत?"

"काय करू बापा! माह्या दारी मानूस आला, हातच नाई उचलला माहा. तुमीच देऊन पाहा बरं!"

"प्रयोगशाळेचं म्हणणं रास्त आहे तर," मोठे साहेब म्हणाले. शेतकीच्या साहेबांनी मान डोलावली, डॉक्टरांनीही डोलावली. तिन्ही खात्यांचं एकमत होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता म्हणे, आणि तो नेमका आमच्याविरुद्ध! "हे गाव वगळू. कोणाची काही हरकत?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. किसनराव, सुखदेव, तायडे मास्तर. मास्तरांची नजर सगळ्यात वाईट. त्यात राग नव्हता हो, ते नुसते वाट बघत होते.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आता ते लिहिणार, आणि गाव गेलं. आणि काय झालं मला माहीत नाही, मी उभा होतो. कोणी उभं केलं? देव जाणे!

"साहेब, पाणी खारं आहे."

"कोण आपण?"

"ग्रामसेवक. मी... मी विहिरीवर गेलोच नाही. बाटल्या माझ्यासमोर भरल्या नाहीत. मला विहिरीची भीती वाटते, साहेब!"

पोरं खिदळली. साहेबांचा चष्मा नाकावर उतरला. "म्हणजे खोट्या सह्या केल्यात?"

"बाराच्या बारा, साहेब. एका बाटलीतलं पाणी तेवढं नशिबाने खरं निघालं."

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

कळत होता! बुलडाण्याचा तुरुंग माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, दरवाजासकट. तेवढ्यात गोदाबाई पुढे झाली.

"त्यायले काई म्हनू नोका साहेब. बाटल्या आमी भरल्या. आता तुमी पेले तेही दीड कोसावरचं, माह्या सुनेनं सकाळी वाह्यलं. आमी खारं लपवतो. पाव्हन्यापासून लपवतो, सोयऱ्यापासून लपवतो. लाज वाटते म्हनून लपवतो. लिहून घ्या, गाव खारं हाय. माह्या नातवाचं लगन नाई झालं तं नाई होवो, पन याच्या पुढच्या सुनायची मान तं सरळ राहीन."

मग मागून एक सून उठली, मग दुसरी. आमच्या घरचीही बाटली तशीच. आमचीही. अकराही घरांनी कबूल केलं, भर सभेत, तिन्ही खात्यांसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मात्र गावचंच होतं, खारं.

"पुरावा?" मोठे साहेब म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता.

आता मला चेव आला. भित्र्या माणसाला चेव आला की आवरत नाही. मी मारुतीच्या विहिरीकडे धावलो, सगळी सभा माझ्यामागे. काठावर गेलो, खाली पाहिलं नाही, डोळे मिटून पोहरा सोडला, ओढला. साहेबांनी एक थेंब जिभेला लावला आणि थुंकला. तेवढं पुरे होतं हो! पण मी थांबतो कसला? "हे बघा!" म्हणून मी अख्खा तांब्या घटाघटा प्यायलो. एक नाही, दोन!

आरोग्याच्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि वहीत काहीतरी टिपलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

साहेबांनी मला तिथेच शिक्षा सुनावली. नोकरी राहील. पण सगळे नमुने नव्याने, आणि वर्षभर दर महिन्याला. ग्रामसेवकाने प्रत्येक विहिरीतून स्वतः पाणी काढायचं, आणि फसवणूक नको म्हणून स्वतः पिऊन, खात्री करून, मगच सही. बारा विहिरी. दर महिन्याला!

विहिरीची भीती पहिल्या दोन महिन्यांतच गेली. तिच्यापेक्षा भारी गोष्ट मला भेटली होती ना! दर महिन्याला नमुने पाठवले, की दुसऱ्या दिवशी माझा रजेचा अर्ज, तोही नमुन्यांच्याच फायलीला लागायचा. आणि एकदा खोटेपणाने हात पोळलेला माणूस मी, कारण मोघम लिहायची छातीच नव्हती. 'प्रकृती अस्वस्थ' असं लिहून भागलं असतं. मी सगळं खरं लिहायचो. किती वेळा, किती वाजता, कुठल्या शेतापर्यंत पोचलो आणि कुठल्या शेतापर्यंत पोचलो नाही.

वर्ष संपलं. योजनेचा आराखडा तयार झाला. आमचं गाव पहिल्या टप्प्यात! सुखदेवने पेढे वाटले. आराखडा लोकांसमोर वाचून हरकती घ्यायच्या, म्हणून नांदुऱ्याला तालुक्याची सभा भरली. मैदान भरलेलं, कर्णे लावलेले, मी नवीन टोपी घालून पहिल्या रांगेत.

पाटबंधाऱ्याचा भाग वाचला. शेतकीचा वाचला. मग आरोग्य खात्याचे डॉक्टर उठले. म्हणाले, खाऱ्या पाण्याचा घाटावरच्या सुदृढ तरुणावर काय परिणाम होतो, याचा इतका बारकाईने ठेवलेला पुरावा आमच्या खात्याला आजवर मिळालेला नाही. आणि त्यांनी परिशिष्ट वाचायला घेतलं.

माझे बाराही अर्ज! नावानिशी, कर्ण्यावरून, वेळ आणि शेतमालकासकट! ज्यांची शेतं होती तेही मैदानात बसलेले, त्यांनाही तेव्हाच कळलं.

वाचून झाल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, आराखड्यावर कोणाची हरकत?

एवढ्या मोठ्या मैदानात एकच हात वर होता. माझा. कारकुनाने इतिवृत्तात नोंद केली, ती मी नंतर जाऊन वाचली: 'एक हरकत आली. वैयक्तिक स्वरूपाची असल्याने व पुरावा हरकतदाराच्याच हस्ताक्षरात असल्याने फेटाळली.'